राख नव्हे, काचेचा चुरा

२३ नोव्हेंबर २०२५, रविवार. इथिओपियाच्या ईशान्येकडे अफार नावाचा रखरखीत प्रदेश आहे. तिथला हायली गुब्बी हा ज्वालामुखी त्या दिवशी अचानक जागा झाला. माणसाच्या लिखित इतिहासात त्याच्या उद्रेकाची नोंदच नव्हती. राखेचा लोट सुमारे १४ किलोमीटर उंच गेला, तांबडा समुद्र, येमेन, ओमान ओलांडून अरबी समुद्रावर आला आणि सोमवारी रात्री गुजरात-राजस्थानवरून दिल्लीच्या आकाशात पोचला. सुमारे चार हजार किलोमीटरचा प्रवास दीड दिवसात. भारतातल्या विमान कंपन्यांना सूचना गेल्या, काही उड्डाणं रद्द झाली, काहींचे मार्ग बदलले. त्या भागावरून आलेली काही विमानं तर उतरल्यावर बाजूला घेऊन तपासावी लागली.

खाली रस्त्यावर चालणाऱ्या माणसाला मात्र या ढगाचा पत्ताही लागला नसता. तो बऱ्याच उंचीवर होता आणि अगदी विरळ होता. मग प्रश्न असा पडतो, की एवढं अवाढव्य, शेकडो टन वजनाचं विमान, ते गारांच्या पावसातून आणि विजांच्या कडकडाटातून सहज जातं; त्यानं चार हजार किलोमीटरवरून आलेल्या चिमूटभर राखेला का घाबरावं? मुलं हा प्रश्न विचारतातच. आणि उत्तर शोधायला लागलं की पहिली अडचण येते ती 'राख' या शब्दाचीच.

राख म्हटलं की आपल्यासमोर चूल येते. लाकूड किंवा गोवरी जळून उरलेली मऊ, करडी भुकटी. आपण तिनं भांडी घासत आलो, काही ठिकाणी दातही घासत आलो. बोटांत धरली की चुरगळते, पाण्यात टाकली की तिच्यातला क्षार विरघळतो. ज्वालामुखीच्या राखेत यातलं काहीच नाही. तिथं काही जळलेलं नसतं. ती म्हणजे दगडाचे, खनिजांचे आणि मुख्यतः काचेचे बारीक तुकडे असतात. दोन मिलिमीटरपेक्षा लहान असा कुठलाही तुकडा भूशास्त्रज्ञ 'राख' या नावाखाली घालतात. पण विमानाच्या दृष्टीनं महत्त्वाचे कण असतात ते मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढे आणि त्याहूनही लहान. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर त्यांच्या कडा फुटलेल्या बाटलीसारख्या धारदार दिसतात. हे कण पाण्यात विरघळत नाहीत, आणि खिडकीच्या काचेवर घासले तर तिच्यावर ओरखडे उठतात.

काच आली कुठून? जमिनीखालच्या शिलारसात पाण्याची वाफ आणि इतर वायू दाबाखाली विरघळलेले असतात. सोड्याची बाटली उघडल्यावर काय होतं ते मुलांनी पाहिलेलं असतं. दाब कमी होतो, वायूचे बुडबुडे होतात आणि पाणी उसळून बाहेर येतं. शिलारसाचंही तसंच. तो पातळ असेल तर बुडबुडे सहज सुटतात आणि रस निमूटपणे वाहत जातो. आपला सह्याद्री असाच घडला. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पातळ लाव्हाचे थरावर थर पसरत गेले, त्याचाच हा काळा पाषाण. पण शिलारस घट्ट, चिकट असेल तर बुडबुडे आत अडकतात, फुगत राहतात आणि शेवटी सगळा रसच फोडून टाकतात. बुडबुड्यांच्या पातळ भिंतींचे तुकडे होतात. ते हवेत इतक्या झटकन थंड होतात, की त्यांच्यातल्या अणूंना स्फटिक बांधून शिस्तीत बसायला वेळच मिळत नाही. वितळलेला पदार्थ असा घाईनं गोठला की त्याची काच होते.

आता हे तुकडे हवेत राहतात किती वेळ? इथं एक सोपा प्रयोग वर्गात करून पाहण्यासारखा आहे. एक उंच, पारदर्शक बाटली घ्या. तिच्यात मूठभर नदीची वाळू आणि मूठभर शेतातली माती टाका, पाणी भरा, झाकण लावून जोरात हलवा आणि टेबलावर ठेवा. जाड वाळू दोन-चार सेकंदांत तळाला बसते. बारीक रेती थोड्या वेळानं बसते. पण पाणी मात्र तास संपेपर्यंत गढूळच राहतं, आणि दुसऱ्या दिवशी पाहिलं तरी पूर्ण निवळलेलं नसतं. कण बारीक झाला की त्याचं वजन झपाट्यानं कमी होतं, पण त्याला होणारा पाण्याचा विरोध तितक्या झपाट्यानं कमी होत नाही. हवेतही हेच घडतं. बारीक कणांच्या बाबतीत व्यास निम्मा झाला की पडण्याचा वेग चौथाईवर येतो. एक मिलिमीटरचा कण दहा किलोमीटर उंचीवरून अर्ध्या तासात जमिनीवर येईल. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढ्या कणाला, हवा अगदी स्थिर असती तर, जवळजवळ पंधरा दिवस लागतील. आणि त्या उंचीवर हवा स्थिर कधीच नसते. ताशी शंभर किलोमीटरचा वारा तिथं सर्वसाधारण समजला जातो.

म्हणूनच राख फार दूर जाते. पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यात कुकडी नदीच्या काठी बोरी नावाचं गाव आहे. तिथं नदीच्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा एक फिकट थर सापडतो. ही राख आपल्या सह्याद्रीची नव्हे. ती इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीची मानली जाते. टोबाच्या नेमक्या कोणत्या उद्रेकाची, यावर अभ्यासकांमध्ये बराच वाद झाला आहे; पण समुद्रापलीकडची राख जुन्नरपर्यंत आली हे पाहायला पुस्तक उघडायची गरज नाही. आसपासच्या शाळांनी सहलीचं ठिकाण म्हणून याचा विचार करायला हरकत नाही.

राखेचा विमानाशी संबंध काय, हे जगाला खऱ्या अर्थानं कळलं ते १९८२ साली. २४ जूनच्या रात्री ब्रिटिश एअरवेजचं एक जंबो जेट लंडनहून ऑकलंडकडे निघालेलं होतं. वाटेत मुंबईला आणि पुढे क्वालालंपूरला थांबून ते जावा बेटाच्या दक्षिणेला आलं होतं. विमानात २४८ प्रवासी आणि १५ कर्मचारी होते. उंची ३७,००० फूट, म्हणजे सव्वाअकरा किलोमीटर. आकाश निरभ्र, रडारवर काही नाही. आणि एकाएकी समोरच्या काचेवर निळसर पांढऱ्या ठिणग्या नाचू लागल्या. प्रवाशांच्या कक्षात गंधकाच्या वासाचा धूर भरू लागला. मग चौथं इंजिन बंद पडलं. पाठोपाठ दुसरं. आणि लगेचच उरलेली दोन्ही.

चारही इंजिनं बंद पडलेलं जंबो जेट म्हणजे एक प्रचंड मोठं ग्लायडर. एक किलोमीटर खाली उतरताना ते साधारण पंधरा किलोमीटर पुढे जातं, म्हणजे ते दगडासारखं खाली पडत नाही. तेवढाच काय तो दिलासा. वैमानिक एरिक मूडी आणि त्यांचे सहकारी इंजिनं पुन्हा पुन्हा सुरू करायचा प्रयत्न करत राहिले. सुमारे तेरा मिनिटं विमान असं तरंगत उतरलं. चार किलोमीटर उंचीच्या आसपास आल्यावर एक इंजिन सुरू झालं, मग बाकीचीही झाली. त्यातलं एक नंतर पुन्हा बंद करावं लागलं. जाकार्ताला उतरताना समोरच्या काचेतून धड दिसत नव्हतं. रात्र म्हणून नव्हे, तर काच बाहेरून घासून दुधी झाली होती म्हणून. कडेच्या एका चिंचोळ्या पट्टीतून जेवढं दिसलं तेवढ्यावर विमान उतरवलं. कोणालाही इजा झाली नाही. कारण कळलं ते नंतर: जावातल्या गालुंगगुंग ज्वालामुखीची राख.

या हकिगतीत विज्ञानाच्या शिक्षकाला विचार करायला लावतील असे तीन प्रश्न आहेत. रडारवर ढग का दिसला नाही? ठिणग्या कसल्या होत्या? आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न म्हणजे, बंद पडलेली इंजिनं खाली आल्यावर पुन्हा सुरू कशी झाली?

पहिल्या दोघांची उत्तरं सोपी आहेत. विमानातलं रडार पावसाचे थेंब टिपायला बनवलेलं असतं. थेंब मिलिमीटरच्या घरातले, पाण्याचे. राखेचे कण त्याहून कितीतरी बारीक आणि कोरडे. त्यांच्यावरून परत येणारी लहर इतकी क्षीण असते की रडारला ती कळत नाही. ठिणग्या म्हणजे घर्षणाची वीज. कोरड्या केसांत कंगवा फिरवल्यावर जे होतं तेच, फक्त इथं विमानाचं अख्खं अंग राखेवर घासत होतं.

तिसऱ्या प्रश्नासाठी जेट इंजिनाच्या आत डोकवावं लागेल. पुढून हवा आत येते. तिचा थोडा भाग फिरणाऱ्या पात्यांच्या रांगांनी दाबत दाबत ज्वलनकक्षात नेला जातो. तिथं इंधन फवारलं जातं आणि ते जळतं. तापलेले वायू जोरानं मागं येतात आणि टर्बाइनची पाती फिरवतात. तीच फिरकी पुढची हवा ओढणारी यंत्रणा चालवते. पूर्ण वेगात असताना ज्वलनकक्षातलं तापमान चौदाशे अंश सेल्सिअसच्याही वर असतं. आणि ज्वालामुखीची काच साधारण अकराशे अंशांना वितळते. सगळी मेख या दोन आकड्यांत आहे.

राखेचा कण आत शिरला की आधी तो दाबणाऱ्या पात्यांना घासतो, त्यांच्या कडा बोथट करतो. मग ज्वलनकक्षात तो वितळतो. पुढे टर्बाइनच्या तोंडाशी वायूला दिशा देणारी स्थिर पाती असतात. ती आतून हवा खेळवून मुद्दाम थंड ठेवलेली असतात, नाही तर तीच वितळतील. वितळलेला थेंब या तुलनेनं थंड पात्यांवर आदळतो आणि चिकटतो. थरावर थर चढतो, वायूच्या वाटा अरुंद होत जातात. मागं तुंबलं की पुढून येणारी हवा अडते, ज्योत विझते, इंजिन बंद पडतं.

घरात याची नक्कल दाखवता येईल, ती चिक्कीच्या पाकानं. तापल्या कढईत साखरेचे दाणे सुटे असतात; वितळले की चिकट पाक होतो आणि उलथन्याला, कढईला लपेटून बसतो. तो ओला असताना काढू गेलात तर निघत नाही. पण कढई पूर्ण थंड होऊ द्या आणि उलथनं ठोका. पाकाचा ठिसूळ थर तडकून त्याचे तुकडे पडतात. थंड झालेला पाक ही साखरेची काचच असते. एरिक मूडींच्या विमानात नेमकं हेच झालं. इंजिनं बंद पडली म्हणून ती थंड झाली. थंड झाली म्हणून काच तडकली आणि तिचे तुकडे निघून गेले. दरम्यान विमान राखेच्या ढगाखाली स्वच्छ हवेत आलेलं होतं. इंजिन बंद पडणं हेच इंजिन वाचण्याचं कारण ठरलं.

यावरून वैमानिकांसाठी जो नियम आला, तो ऐकायला उलटा वाटतो. संकट आलं की जोर लावून वर निघून जावं ही सहज प्रवृत्ती असते. राखेत सापडल्यावर मात्र इंजिनांचा जोर कमीत कमी करायचा, म्हणजे आतलं तापमान काच वितळण्याच्या खाली येतं, आणि आलो त्याच वाटेनं मागं वळायचं. १५ डिसेंबर १९८९ ला अलास्कातल्या रिडाउट ज्वालामुखीच्या राखेत के.एल.एम. कंपनीचं नवं कोरं जंबो जेट शिरलं. तेव्हा वर निघून जाण्यासाठी इंजिनांना पूर्ण जोर दिला गेला, आणि चारही इंजिनं बंद पडली. तेही विमान सुदैवानं वाचलं, अँकरेजला सुखरूप उतरलं. पण चारही इंजिनं बदलावी लागली आणि एकूण नुकसान सुमारे आठ कोटी डॉलरचं झालं.

नव्वदच्या दशकात मग जगाचं आकाश नऊ केंद्रांमध्ये वाटून देण्यात आलं. लंडन, तुलूझ, टोकियो, डार्विन, वॉशिंग्टन वगैरे. आपापल्या भागात राख दिसली की ती कुठं, किती उंचीवर जाईल याची सूचना या केंद्रांनी काढायची. उपग्रहांची इथं मोठी मदत होते. राखेचा ढग आणि साधा ढग डोळ्यांना सारखेच दिसले तरी अवरक्त किरणांच्या दोन जवळजवळच्या तरंगलांबींत पाहिलं तर वेगळे ओळखता येतात. एका तरंगलांबीला पाणी-बर्फ अधिक शोषून घेतं, तर दुसरीला सिलिका. विमानांसाठी नियम अगदी साधा होता: राख असेल तिथं जायचं नाही. किती राख, हा प्रश्नच कोणी विचारला नव्हता. विचारायची वेळ आली नव्हती. ज्वालामुखी सहसा विरळ वस्तीच्या भागात असतात. चार विमानं वळसा घेऊन गेली की झालं.

ती वेळ २०१० च्या एप्रिलमध्ये आली. आइसलँडमधल्या त्या ज्वालामुखीचं नाव एयाफ्यात्लायोकुत्ल. हे नाव उच्चारताना त्या वेळी जगभरच्या वृत्तनिवेदकांची त्रेधा उडाली होती, तेव्हा वर्गात अडखळायला झालं तर वाईट वाटून घेऊ नये. १४ एप्रिलला त्याच्या माथ्यावरच्या बर्फाखालून उद्रेक सुरू झाला. जगातल्या मोठ्या उद्रेकांशी तुलना केली तर तो मध्यमच म्हणायचा. पण दोन गोष्टी जुळून आल्या. पहिली म्हणजे बर्फ. कंदिलाच्या तापलेल्या काचेवर पाण्याचा थेंब पडला की ती कशी तडकते ते जुन्या पिढीला आठवत असेल. इथं हजार अंशांच्या शिलारसात बर्फाचं पाणी शिरत होतं, त्यामुळे त्याचा फारच बारीक चुरा झाला. दुसरी गोष्ट म्हणजे वारा. नऊ-दहा किलोमीटर उंचीवर आइसलँडकडून थेट युरोपकडे जाणारा वारा त्या दिवसांत ठाण मांडून बसला होता.

१५ एप्रिलपासून एकेक देश आपलं आकाश बंद करत गेला. सहा दिवसांत सुमारे एक लाख उड्डाणं रद्द झाली, एक कोटी प्रवासी अडकले. १८ एप्रिलला पोलंडच्या राष्ट्राध्यक्षांचा अंत्यविधी होता. त्याला अमेरिका, फ्रान्स, जर्मनीचे प्रमुखही पोचू शकले नाहीत. विमान कंपन्यांचं उत्पन्न १७० कोटी डॉलरनं बुडालं असा त्यांच्या जागतिक संघटनेचा अंदाज होता.

बातम्यांत आपण पाहिले ते विमानतळाच्या फरशीवर झोपलेले प्रवासी. माल मात्र कोणाला फारसा दिसला नाही. वास्तविक विमानानं जाणारा माल वजनानं पाहिला तर जगाच्या व्यापाराच्या एक टक्काही नसतो. पण किमतीनं पाहिला तर तो सुमारे एक तृतीयांश भरतो. जे हलकं, महाग, नाशिवंत किंवा तातडीचं असतं तेच विमानानं जातं: औषधं, मोबाइलचे भाग, फुलं, कागदपत्रं. आणि यातला जवळजवळ निम्मा माल वेगळ्या मालवाहू विमानांनी नव्हे, तर प्रवाशांच्याच विमानांच्या पोटातून जातो. प्रवासी थांबले की त्यांच्या पायाखालची पार्सलंही थांबतात.

कुरिअरची व्यवस्था तर आणखी नाजूक. आपल्याकडे एस.टी.च्या मोठ्या स्थानकावर रात्री सगळीकडच्या गाड्या येतात, माणसं आणि टपाल गाड्या बदलतात आणि पहाटे सगळ्या गाड्या परत सुटतात, तशी ही रचना असते. डी.एच.एल.चं युरोपातलं असं ठाणं जर्मनीत लाइपझिगला, यू.पी.एस.चं कोलोन-बॉनला, फेडेक्सचं पॅरिसला. रात्री विमानं उतरतात, काही तासांत पार्सलांची वाटणी होते, उजाडण्यापूर्वी विमानं निघतात. स्पेनहून पोर्तुगालला जाणारं पाकीटही अशा ठाण्यावरून फिरून जाऊ शकतं. ही तिन्ही ठाणी राखेच्या ढगाखाली आली. मग दक्षिण युरोपातले जे विमानतळ उघडे होते तिथं माल उतरवून ट्रकनं हजार-दोन हजार किलोमीटर नेण्याची धावपळ झाली. पार्सलं हरवली नाहीत. पण ज्यांची किंमतच वेळेत पोचण्यात होती, ती पोचून उपयोग राहिला नाही.

याची झळ कुठवर गेली पाहा. आयर्लंडमधून येणारा एक छोटासा संवेदक मिळाला नाही म्हणून जपानमध्ये निसानला मोटारींची जुळणी काही काळ थांबवावी लागली. जर्मनीत बी.एम.डब्ल्यू.च्या कारखान्यांतही सुट्या भागांवाचून काम अडलं. माल साठवून ठेवायचा नाही, लागेल तेव्हा मागवायचा, या पद्धतीत पैसा वाचतो. पण मग कारखान्याचं गोदाम आकाशात असतं. रुग्णालयांची काळजी वेगळी होती. एका देशातल्या दात्याची अस्थिमज्जा दुसऱ्या देशातल्या रुग्णाला देताना हातात दोन-तीन दिवसांचाच अवधी असतो.

आणि केनिया. नैवाशा सरोवराच्या काठी मैलोगणती गुलाबाची शेती आहे. संध्याकाळी तोडलेली फुलं रात्रीच्या विमानानं हॉलंडच्या बाजाराला जातात. त्या आठवड्यात विमानं नव्हती. गुलाब मात्र फुलायचा थांबत नाही. शीतगृहं भरली, मग तोडलेली फुलं टनांनी फेकून द्यावी लागली, आणि रोजंदारीवरच्या मजुरांना घरी बसवण्यात आलं. ज्वालामुखी आइसलँडमध्ये, बंदी युरोपात आणि रोजगार बुडाला विषुववृत्तावर. आम्हाला वाटतं, भूगोलाच्या तासाला 'जागतिकीकरण' हा शब्द समजावून सांगताना व्याख्येपेक्षा हे उदाहरण अधिक उपयोगी पडेल.

चार दिवस झाल्यावर कंपन्यांचा धीर सुटला. आकाश निळं दिसतंय, राख कुठं आहे, असा त्यांचा सवाल होता. त्यांनी प्रवाशांविना चाचणी उड्डाणं केली. ब्रिटिश एअरवेजचे प्रमुख स्वतः एका विमानात बसले. विमानं सुखरूप उतरली आणि बंदी अतिरेकी आहे असा गवगवा झाला.

पण सुखरूप उतरलं म्हणजे इजा झाली नाही, असं म्हणता येत नाही. २००० च्या फेब्रुवारीत नासाचं एक संशोधन विमान रात्रीच्या अंधारात आइसलँडच्याच हेक्ला ज्वालामुखीच्या विरळ राखेतून सुमारे सात मिनिटं गेलं. वैमानिकांना काहीही जाणवलं नाही. आतल्या उपकरणांवर नोंद झाली म्हणून तर कळलं. वरवरच्या तपासणीत इंजिनं ठीक दिसली. पुढे ती उघडली तेव्हा आढळलं, की टर्बाइनच्या पात्यांमधली थंड हवेची बारीक छिद्रं बुजली आहेत. दुरुस्तीला ३२ लाख डॉलर लागले. २०१० मध्येही फिनलंडच्या हवाई दलाची लढाऊ विमानं बंदी येण्याआधी राखेतून उडाली होती. त्यांच्या इंजिनांत वितळलेल्या राखेचे अंश सापडले.

खरी अडचण ही होती, की 'किती राख चालेल?' या प्रश्नाचं उत्तर कोणाकडेच नव्हतं. इंजिन बनवणाऱ्यांनी तो आकडा कधी दिला नव्हता. शेवटी २० एप्रिलच्या सुमारास इंजिन-उत्पादकांशी बोलून आकडा ठरला. एका घनमीटर हवेत २ मिलिग्रॅमपर्यंत राख असेल तर काळजी घेऊन उडायला हरकत नाही. पुढच्याच महिन्यात ब्रिटननं ठरावीक वेळेच्या अटीवर ४ मिलिग्रॅमपर्यंत सवलत दिली.

२ मिलिग्रॅम म्हणजे किती, हा हिशेब फळ्यावर करून पाहावा. मोठ्या विमानाचं एक इंजिन सेकंदाला साधारण हजार घनमीटर हवा घेतं असं धरू. आपला वर्ग ८ मीटर लांब, ६ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच असेल तर त्यात १४४ घनमीटर हवा मावते. म्हणजे इंजिन दर सेकंदाला सात वर्ग रिकामे करतं. त्यातून राख आली २ ग्रॅम. बहुतेक हवा इंजिनाच्या गाभ्याला वळसा घालून बाहेरूनच जाते, म्हणून दहावा भागच आत गेला असं समजू. तरी सेकंदाला ०.२ ग्रॅम, आणि तासाला ७२० ग्रॅम. जवळजवळ पाऊण किलो काचेचा चुरा तासाभरात! यातला बराचसा मागून बाहेर फेकला जातो, सगळाच चिकटत नाही. म्हणून तर ही मर्यादा मान्य झाली. पण डोळ्यांना निळं दिसणारं आकाश रिकामं असतंच असं नाही, हे मुलांना या हिशेबातून पटतं.

तेव्हाची बंदी योग्य होती की नाही, यावर पुढे अभ्यास झाला. आइसलँड आणि डेन्मार्कमधल्या संशोधकांनी उद्रेकाच्या पहिल्या दिवसांतली राख तपासून २०११ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. हे कण फारच टोकदार आणि कठीण होते. दोन आठवडे पाण्यात ढवळत ठेवले तरी त्यांच्या कडा बोथट झाल्या नाहीत. निर्णय घेणाऱ्यांच्या हातात तेव्हा पुरेशी माहिती नव्हती, पण त्यांचा सावधपणा अनाठायी नव्हता, असं आमचंही मत आहे.

२०११ च्या मे महिन्यात आइसलँडच्याच ग्रिम्सव्होत्नचा उद्रेक झाला. तो आदल्या वर्षापेक्षा कितीतरी जोरदार होता, राखेचा लोट वीस किलोमीटरवर गेला. तरी रद्द उड्डाणं हजाराच्या आतच राहिली. राख जाडसर होती, ती लवकर खाली बसली. वारा वेगळा होता. आणि आता सरसकट बंदीऐवजी राखेच्या प्रमाणानुसार आकाशाचे विभाग पाडून निर्णय घेता येत होता. अर्थात हे विभाग संगणकावरच्या अंदाजानुसार पडतात. उद्रेकाच्या तोंडातून सेकंदाला किती राख बाहेर पडते आहे, हा त्यातला मूळ आकडा, आणि तोच मोजायला सर्वांत कठीण असतो. लोटाच्या उंचीवरून तो ताडावा लागतो.

हायली गुब्बीकडे पाहून मुलांना एक प्रश्न विचारता येईल. नकाशावर अफार दाखवा आणि विचारा: हाच उद्रेक नोव्हेंबरऐवजी जुलैमध्ये झाला असता तर राख दिल्लीला आली असती का? पुस्तकात मोसमी वाऱ्यांचे बाण असतात ते जमिनीलगतच्या वाऱ्यांचे. १४ किलोमीटर उंचीवरची गोष्ट वेगळी. हिवाळ्याच्या तोंडाला तिथं पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जोरदार वारा उत्तर भारतावरून जातो. राख आली ती त्याच्यावर बसून. पावसाळ्यात मात्र त्या उंचीवर दक्षिण भारतावरून थेट आफ्रिकेकडे पूर्वेचा वारा वाहत असतो. तेव्हा जुलैमधली राख बहुधा उलट्या दिशेनं, सुदानकडे गेली असती. अंदमानजवळच्या बॅरन बेटावर आपला स्वतःचा जागता ज्वालामुखी आहे. त्याच्यासाठीही हाच प्रश्न, जानेवारी आणि जुलै असे दोन महिने देऊन, मुलांना घरून सोडवून आणायला सांगावा.